मुलाकडे दोन पासपोर्ट, मेमध्ये लग्न: नक्की कुठला दाखवायचा?

जास्वंदी | सोमवार, २ मार्च २०२६, रात्री ११:१४

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता घरात तीन मतं झालीत आणि तिकिटं काढून झालीत, म्हणून धागा काढतेय.

आम्ही नवरा-बायको दोघंही भारतीय पासपोर्टवाले, उत्तर इंग्लंडात राहतो. मुलगा २०१८ साली इथंच झाला. तेव्हा आम्ही कामाच्या व्हिसावर होतो, त्यामुळे तो जन्माने ब्रिटिश नाही. (इथं १९८३ पासून नुसतं जन्मून भागत नाही, आई किंवा बाप नागरिक किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेला लागतो. हे भारतातल्या नातेवाइकांना पटवता पटवता माझी सात वर्षं गेली.) वर्षाच्या आत वकिलातीत जन्म नोंदवून त्याचा भारतीय पासपोर्ट काढला. २०२३ मध्ये आम्हाला कायम वास्तव्य मिळालं आणि गेल्या वर्षी मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी केली. बाराशे पौंडांवर फी गेली, त्यावर वेगळा धागा होईल. जानेवारीत त्याचा ब्रिटिश पासपोर्ट आला. भारतीय पासपोर्ट २०२८ पर्यंत चालू आहे.

८ मेला साताऱ्यात भाचीचं लग्न आहे. १७ मेपासून अधिक महिना, म्हणून त्याआधी उरकताहेत. तिकिटं डिसेंबरातच काढली होती, त्यात मुलाचा भारतीय पासपोर्ट नंबर आहे.

नवऱ्याच्या मित्राचं म्हणणं: "जाताना भारतीय दाखव, येताना ब्रिटिश. आम्ही कायम असंच करतो."
सासूबाईंचं म्हणणं: "दोन असलेले बरेच की. एक हरवला तर दुसरा."
माझं म्हणणं: मला झोप येत नाही.

तर नक्की काय करायचं? आणि मेपर्यंत ओसीआय ('ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड) होईल का?

---

खारीक_खोबरं | रात्री ११:३१

सासूबाईंचा मुद्दा एकदम रास्त आहे. छत्रीच्या बाबतीत. पासपोर्टचं जाणकार सांगतील.

---

पंत_एडिसनकर | मंगळवार, ३ मार्च, पहाटे ४:०५

घाबरण्यासारखं काहीही नाही. सरळ ओसीआयचा अर्ज टाका. आमच्या दोन्ही मुलींचं असंच केलं, एकदा कार्ड आलं की आयुष्यभराचा व्हिसा. पालकांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला तरी अल्पवयीन मुलाला मिळतं, तुम्ही तर दोघंही आहात.

आता आमची एक फजिती सांगतो. पूर्वी ओसीआयच्या पुस्तिकेबरोबर पासपोर्टवर 'यू' व्हिसाचं स्टिकर चिकटवून देत. अमेरिकेत सोळाच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. थोरलीचा नवा पासपोर्ट आला, जुना आम्ही कपाटात ठेवला आणि स्टिकर राहिलं त्या जुन्यावर. विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "स्टिकर?" मी म्हटलं, "घरी." घर पन्नास मैलांवर. मेहुण्याने ज्या वेगाने गाडी मारली तो इथं लिहीत नाही. बोर्डिंग बंद व्हायला अकरा मिनिटं असताना पोचला. आता ती स्टिकरची भानगड गेली, पण जुना पासपोर्ट मी अजूनही बरोबर नेतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस.

---

मधली_सुट्टी | मंगळवार, सकाळी ८:५०

पंत, तुमच्या मुली जन्मतः अमेरिकन. त्यांचा भारतीय पासपोर्ट कधी नव्हताच, म्हणून तुम्हाला थेट ओसीआय करता आलं. जास्वंदीच्या मुलाकडे चालू भारतीय पासपोर्ट आहे. तो आधी जमा करून (सगळे 'सरेंडर' म्हणतात) त्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते नसेल तर ओसीआयचा अर्ज पुढे सरकतच नाही. आमच्या मुलीचं दोन वर्षांपूर्वी हेच झालं.

जास्वंदी, क्रम असा: आधी सरेंडर, मग ओसीआय. सरेंडर केलेला पासपोर्ट रद्द करून परत देतात, तो जपून ठेव. टाकलास तर पुढे प्रत्येक ठिकाणी तोच मागतील.

आणि मेपर्यंत ओसीआयच्या भरवशावर राहू नकोस. कुणाला तीन आठवड्यांत मिळतं, आम्हाला अडीच महिने लागले. फोटो दोनदा परत आला, पार्श्वभूमी नियमात बसत नाही म्हणून. तिसऱ्यांदा मुलीला फ्रीजसमोर उभं केलं.

---

चालतंय_की | मंगळवार, सकाळी ९:१२

एवढा बाऊ कशाला? आम्ही २०१९ मध्ये दोनदा असंच गेलो-आलो. कोणी विचारलंसुद्धा नाही.

---

खारीक_खोबरं | मंगळवार, सकाळी ९:१५

जास्वंदी, नवऱ्याचा मित्र सापडला. :)

---

गेट_क्रमांक_७ | मंगळवार, दुपारी २:४०

गेली अकरा वर्षं चेक-इन काउंटरवर उभी आहे. कंपनी आणि विमानतळ विचारू नका. 'कोणी विचारलं नाही' हे वाक्य आम्ही आठवड्यातून तीनदा ऐकतो, बहुतेक वेळा ज्याला विचारलंय त्याच्याच तोंडून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विमानतळावर तुम्हाला वेगवेगळी माणसं वेगवेगळे प्रश्न विचारतात. विमान कंपनीचा प्रश्न एकच: उतराल तिथं तुम्हाला आत घेतील का? नाही घेतलं तर परत आणायचं आमच्या माथी, वर दंड. तुम्ही कुठले नागरिक, किती पासपोर्ट, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. भारताच्या इमिग्रेशनचा प्रश्न निराळा: कुठल्या कागदावर आत आलात आणि कुठल्या कागदावर बाहेर चाललात? हे दोन्ही जुळावं लागतं.

आता मित्राची युक्ती या दोघांसमोर लावून बघू.

यूकेतून निघताना इमिग्रेशनचा काउंटर नसतो. काउंटरवर मुलाचा भारतीय पासपोर्ट दाखवलात की आम्ही मुंबईचा बोर्डिंग पास देऊ. मुंबईत भारतीयांच्या रांगेतून आत. इथवर सगळं गोड, आणि इथवरच मित्राला आठवतं.

परतीच्या दिवशी आमची काउंटरवरची मुलगी विचारणार, यूकेचा व्हिसा? भारतीय पासपोर्टवर तो नाही. मुलाचा जुना परवाना तो ब्रिटिश झाला तेव्हाच संपला. मग तुम्ही ब्रिटिश पासपोर्ट पुढे करणार. आमचं समाधान झालं, बोर्डिंग पास मिळाला. आता इमिग्रेशन. ब्रिटिश पासपोर्ट दिलात तर ते म्हणणार, यावर भारताचा व्हिसा कुठं आहे, हा मुलगा आत आला कसा? भारतीय दिलात तर म्हणणार, यावर यूकेचा व्हिसा कुठं आहे, हा जातोय कसा? मग तुम्ही दोन्ही टेबलावर ठेवणार. तो झाला कबुलीजबाब.

पुढे काय होईल ते त्या टेबलामागच्या माणसावर. समज देऊन सोडलेले मी पाहिलेत. विमानातून सामान उतरवून मागे पाठवलेलेही पाहिलेत. मग भारतातच सरेंडर, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून बाहेर पडायची परवानगी, नवीन तिकिटं. मूल असेल तर आई किंवा बाप एक जण मागे राहतो. गेल्या वर्षी एक बाबा दोन वर्षांच्या मुलीला घेऊन थांबले आणि आई एकटी गेली, कारण सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं.

चालतंय_की, तुम्ही दोनदा सुटलात याचा आनंद आहे. तिसऱ्यांदा जाऊ नका.

ता.क. तिकिटावरचा पासपोर्ट नंबर बदलता येतो, त्याची काळजी नको. नाव मात्र नव्या पासपोर्टाशी जुळायला हवं.

---

जास्वंदी | मंगळवार, दुपारी ३:०२

गेटताई, साष्टांग दंडवत. हे इतकं सरळ आजवर कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला वाचायला दिलंय. तो गप्प आहे.

नाव! ब्रिटिश पासपोर्टात नाव-आडनाव एवढंच आहे, भारतीय पासपोर्टात मध्ये वडिलांचं नाव आहे. तिकिटावर तिन्ही. आता?

---

मधली_सुट्टी | मंगळवार, दुपारी ३:२०

तुला ब्रिटिश पासपोर्ट या नावाने मिळालाच कसा? इथं बाकीच्या देशांच्या पासपोर्टवर असेल तेच नाव हवं असा नियम आहे. सगळ्या पानांच्या रंगीत प्रती मागतात.

---

जास्वंदी | मंगळवार, दुपारी ३:४५

प्रती मागितल्याच होत्या, दिल्या. आत्ता नीट पाहिलं. वडिलांचं नाव आहे, पहिल्या नावाला जोडून त्याच ओळीत. घाईत आडनावच बघत होते. माफी. हा प्रश्न बाद.

---

पंत_एडिसनकर | मंगळवार, सायंकाळी ५:३०

नावाचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या गल्लीत एका तमिळ मित्राच्या भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा होता आणि सगळं नाव एकाच रकान्यात. अमेरिकेच्या व्हिसावर ते आडनाव म्हणून छापलं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पुढची चार वर्षं वीज कंपनीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्याला 'मिस्टर एफएनयू' म्हणून हाक मारत. आपलं मुलाचं-वडिलांचं-आडनाव हे त्रिकूट त्या मानाने बरंच सुखाचं.

---

स्पष्टवक्ता_कोल्हापुरी | मंगळवार, रात्री ९:०५

मला एक कळत नाही. बाराशे पौंड भरून ब्रिटिश व्हायचं, आणि मग भारताने पायघड्या घालाव्यात अशी अपेक्षा? देश म्हणजे काय हॉटेल आहे, खोली बदलून दिली तरी जेवण तेच? दोन डगरींवर हात ठेवायचा तर पडायची तयारी ठेवा.

---

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री ९:२२

सात वर्षांचं पोरगं आहे हो. ते दगडांवरून उड्या मारतं, डगरींवर हात ठेवत नाही.

---

जास्वंदी | मंगळवार, रात्री ९:५०

स्पष्टवक्ते, पायघड्या मागितल्या नाहीत, रांग कुठली एवढंच विचारलं. आम्ही दोघं अजून भारतीयच आहोत. मुलाचं ब्रिटिश का केलं तेही सांगते: त्याच्या शाळेची सहल फ्रान्सला जाते तेव्हा वर्गातले सव्वीस जण पासपोर्ट घेऊन येतात आणि माझा मुलगा फाइल घेऊन. दोन वेळा शेंगेनचा व्हिसा केला. दुसऱ्यांदा तारीख मिळाली सहल झाल्यानंतरची.

---

काळा_कोट | बुधवार, ४ मार्च, सकाळी ११:१०

दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो. हा सल्ला नाही, गप्पा आहेत. फी आकारलेली नाही.

राज्यघटनेच्या ९व्या कलमात आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९व्या कलमात तत्त्व एकच: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. 'सोडावं लागतं' असं नाही, आपोआप जातं. त्यामुळे 'आमच्याकडे दोन्ही आहेत' असं म्हणणाऱ्यांकडे प्रत्यक्षात एक नागरिकत्व आणि दोन पुस्तकं असतात.

मग लहान मूल 'स्वेच्छेने' काय घेणार? वकिलांना आवडणारा प्रश्न आहे, त्यावर वाद घालता येतो. पण काउंटरवर तुम्ही तो वाद घालणार नाही आहात. तिथं सरेंडरचं प्रमाणपत्र मागतात.

जन्मतः दोन्हीकडचं नागरिकत्व येणं ही वेगळी गोष्ट. उदा. अमेरिकेत भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेलं मूल. भारतीय कायदा तिथं थोडी ढील देतो: वकिलातीत वर्षात जन्म नोंदवा, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्या, तर मूल भारतीय. आणि सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व जातं. पण त्या वयात आयतं हाती असलेलं अमेरिकन नागरिकत्व सोडणारा मला तरी अजून भेटायचा आहे.

परतीची वाटही वाटते तितकी रुंद नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगापूरच्या एका तरुणाचं प्रकरण निकाली काढलं. आईबापांनी डिसेंबर १९९८ मध्ये सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं तेव्हा तो आईच्या पोटात होता. जन्म मार्च १९९९ चा. मोठेपणी त्याने भारतीय नागरिकत्व परत मागितलं. मद्रास उच्च न्यायालयाने दिलं, सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतलं. कायद्यात मुलाला परत येण्याची जी खिडकी आहे ती आईबापांनी रीतसर घोषणा करून नागरिकत्व सोडलं असेल त्यांच्यासाठी. ज्यांचं आपोआप गेलं त्यांच्या मुलांना ती नाही.

---

खारीक_खोबरं | बुधवार, सकाळी ११:२५

म्हणजे गर्भसंस्कारात आता नागरिकत्व कायदाही वाचून दाखवावा लागणार.

---

पेडण्याचो_पाव | बुधवार, दुपारी १:३०

तुमचं दोन पासपोर्टांवर भागतंय, भाग्यवान आहात. आमच्या गोंयात या.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज. त्याची मुलं-नातवंडं लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून तो हक्क घेऊ शकतात. माझी मावसबहीण अशीच पोर्तुगीज झाली आणि इंग्लंडात स्विंडनला गेली. तिथं निम्म्या रस्त्यांवर कोंकणी ऐकू येते. ब्रेक्झिटनंतर तिला 'सेटल्ड' (कायम वास्तव्याचा) दर्जा मिळाला. नवरा भारतीय. मूल स्विंडनच्या इस्पितळात झालं: आई सेटल्ड म्हणून जन्मतः ब्रिटिश, आईकडून पोर्तुगीज हक्क, आणि बाप म्हणतो माझ्याकडून भारतीय पण करूया. आजी पेडण्याहून फोनवर विचारते, "बाये, पोर म्हजें न्हय मगो?"

शेवटी ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय केलं. लिस्बनची नोंद 'सवडीने' करणार आहेत.

सांगायचा मुद्दा: आमच्याकडे किती जणांनी 'नुसती नोंद केली आहे, पासपोर्ट काढला नाही' असं म्हणत वर्षं काढली. नोंद करा नाहीतर कार्ड काढा, ज्या दिवशी कागद समोर येतात त्या दिवशी हिशेब मागतात. आमदारकीच्या उमेदवारांनाही मागितलाय.

---

नवगावचा | बुधवार, सायंकाळी ६:००

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल (कोकणातले ज्यू), आजोबा अलिबागजवळचे. आता इस्राएलमध्ये. आमच्याकडे नियम स्वच्छ आहे: इस्राएली नागरिकाने इस्राएलमध्ये येताना-जाताना इस्राएली पासपोर्टच वापरायचा, दुसरे कितीही असोत. आणि भारतात जाताना ओसीआय. त्यामुळे गोंधळ होत नाही.

माझ्या नातीचं ओसीआय झालं. कायद्यात आता पणतवंडापर्यंत हक्क आहे. पणजोबा कोकणातले हे कागदावर सिद्ध करायला मात्र आम्हाला वर्ष लागलं. पणजोबांचं आडनाव गावावरून पडलेलं, स्पेलिंग तीन कागदांवर तीन. गेल्या हिवाळ्यात तिला नवगावचं दफनस्थान दाखवून आणलं. तिला सगळ्यात आवडलं ते वरसोलीचं नारळपाणी.

---

दोन_वाट्या_तांदूळ | गुरुवार, ५ मार्च, सकाळी ७:४०

तोक्योहून हजेरी. बायको जपानी, मुलगा जन्मतः जपानी. इथंही दोन नागरिकत्वं मान्य नाहीत, वीस वर्षांचा होईपर्यंत एक निवडा म्हणतात (२०२२ च्या आधी ही मर्यादा बावीस होती). मी भारतीय पासपोर्टच्या फंदात पडलो नाही. दोन्ही देश एकाच स्वभावाचे असले की निर्णय फार सोपा होतो.

माझी अडचण वेगळीच आहे. नाव जपानी काताकाना लिपीत लिहिताना आडनावातला 'ळ' कुठंच बसत नाही.

---

खारीक_खोबरं | गुरुवार, सकाळी ८:०२

पुण्याबाहेर तो इथंही बसत नाही.

---

नाखवा | गुरुवार, रात्री १०:१५

सध्या जहाजावर, नेट मिळालं म्हणून लिहितो. मुलांच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची सही मागतात, त्यावर इथं कोणीच बोललं नाही. ज्यांचा बाप दर्यावर आहे त्यांचं काय? मुलीच्या पासपोर्टला माझी सही हवी होती तेव्हा मी ब्राझीलच्या किनाऱ्यावर. बायकोने एकाच पालकाच्या सहीवर करायचा फॉर्म भरला, त्यावर 'वडील का उपलब्ध नाहीत' याचं उत्तर म्हणून माझ्या कराराची प्रत जोडली. काम झालं. पण आधी तिला चार प्रश्न विचारले गेले, त्यांतले दोन अगदी नको असलेले. आता सुट्टीवर आलो की कोऱ्या संमतीपत्रांवर सह्या करून नोटरी करून ठेवतो. बायको म्हणते, घर नावावर करून दे, तेवढं सोपं पडेल.

---

सातबारा | शुक्रवार, ६ मार्च, दुपारी १२:२०

जास्वंदी, साताऱ्याचे म्हणता म्हणजे शेती असेलच. मुलगा ओसीआय झाला की त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही, हे घरात सांगितलंय का? आमच्याकडे भाऊबंदकीत हेच निघालं.

---

काळा_कोट | शुक्रवार, दुपारी १२:५५

विकत घेता येत नाही, शेतजमीन, मळा, फार्महाउस तिन्ही. वारसाने मिळते. आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नातवाचं नाव लागायला अडचण नाही. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. भाऊबंदांना 'तो परदेशी झाला, त्याचा हिस्सा गेला' म्हणू देऊ नका. असं म्हणणारे तीन भाऊबंद माझे अशील आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

आणखी एक. मतदान नाही, सरकारी नोकरीची दारं बहुतेक बंद. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेश फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांवर. त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जुने हक्क राखून दिले. तुमचा मुलगा आता काढणार, म्हणजे नवे नियम.

---

स्पष्टवक्ता_कोल्हापुरी | शुक्रवार, दुपारी १:३०

मग त्याला 'नागरिकत्व' म्हणायचं कशाला? नाव ओव्हरसीज सिटिझन, आणि हक्क लांबच्या पाहुण्याचे.

---

काळा_कोट | शुक्रवार, दुपारी १:४८

या एका वाक्यावर मी तुमच्याशी सहमत. परदेशस्थ भारतीयांवरच्या सिंघवी समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला तेव्हा शिफारस खरोखर दुहेरी नागरिकत्वाची होती. कायद्यात उतरता उतरता तिचा व्हिसा झाला, नाव तेवढं राहिलं. आज तुमच्यासारखे रागावतात आणि जास्वंदीसारखे गोंधळतात, दोन्ही त्या नावामुळे.

---

लंडनचा_पाऊस | शनिवार, ७ मार्च, सकाळी १०:३०

बाळबोध प्रश्न: मुलाने भारतीय पासपोर्टवर परत येताना ते यूकेचं नवीन ईटीए (ऑनलाइन प्रवास-परवानगी) काढलं तर? सोळा-वीस पौंडांचं काम म्हणे.

---

गेट_क्रमांक_७ | शनिवार, सकाळी ११:१५

नाही. ईटीए ज्यांना यूकेसाठी व्हिसा लागत नाही अशा देशांच्या लोकांना. भारतीय पासपोर्टला व्हिसाच लागतो. आणि ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळतच नाही. २५ फेब्रुवारीपासून दुहेरी नागरिकांना आम्ही ब्रिटिश पासपोर्ट किंवा हक्काचं प्रमाणपत्र बघितल्याशिवाय बसवत नाही. गेले दहा दिवस काउंटरवर ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन, अमेरिकन सगळे भांडताहेत. म्हणजे ही फजिती फक्त आपली नाही, एवढं समाधान माना.

---

जास्वंदी | रविवार, १५ मार्च, रात्री ९:४०

ठरलं. मुलाचा भारतीय पासपोर्ट सरेंडरला दिला. प्रमाणपत्र आलं की ब्रिटिश पासपोर्टवर ई-व्हिसा. ओसीआय परत आल्यावर निवांत. अर्जावर त्याच्या सहीच्या चौकटीत सही करायची होती, त्याने नावापुढे डायनासोर काढला. दुसरा फॉर्म छापला.

शाळेने सुट्टी नामंजूर केली. पाच दिवस बुडाले तर दोघा पालकांना ऐंशी-ऐंशी पौंड दंड. तोही आहेराच्या हिशेबात धरलाय.

---

मधली_सुट्टी | रविवार, रात्री १०:०५

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढ, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन बघ. शोधलं की वर जाहिरातवाले येतात, दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. फॉर्ममध्ये आधीचं नागरिकत्व विचारलंय तिथं 'भारतीय' लिही, लपवू नकोस. आणि छापील प्रत जवळ ठेव.

---

जास्वंदी | मंगळवार, १९ मे, रात्री ८:३०

आलो. लग्न झोकात झालं. धागा अर्धा सोडला नाही हे दाखवायला लिहितेय.

मुंबईत उतरल्यावर पहिला पेच: आम्ही दोघं भारतीय रांगेत, मुलगा परदेशी रांगेत. त्याला एकटं कोण सोडणार? मी त्याच्याबरोबर ई-व्हिसाच्या रांगेत, नवरा भारतीयांच्या. तो दहा मिनिटांत बाहेर. आमच्या पुढे एक जर्मन ग्रुप होता, पंचावन्न मिनिटं लागली. साहेबांनी ई-व्हिसा बघितला, मग माझा पासपोर्ट, मग म्हणाले, "याचा आधीचा?" रद्द केलेला पासपोर्ट आणि प्रमाणपत्र दोन्ही दिलं (मधली_सुट्टी, तुझे पाय कुठं आहेत). त्यांनी चाळलं आणि मुलाला विचारलं, "कुठं चाललास रे?" तो म्हणाला, "साताऱ्याला. तायडीचं लग्न आहे, कंदी पेढे पण आहेत." शिक्का बसला.

येताना दोन मिनिटं. ज्या कागदावर आत, त्याच कागदावर बाहेर. गेटताई, तुमचं वाक्य नवऱ्याने पाठ केलंय, आता लोकांना स्वतःचं म्हणून सांगतो.

आणि हो, तो मित्र. काल त्याचा फोन आला, सरेंडरची अपॉइंटमेंट कशी मिळते विचारत होता. का ते मी विचारलं नाही.

---

चालतंय_की | मंगळवार, रात्री ८:५२

तो मी नाही.

---

फक्त_वाचक | गुरुवार, २१ मे, दुपारी ४:१०

धागा खूप मोठा आहे, वाचायला वेळ नाही. कोणी थोडक्यात सांगेल का? मुलीकडे दोन पासपोर्ट आहेत, शनिवारी विमान आहे. कुठला दाखवू?

---

गेट_क्रमांक_७ | गुरुवार, दुपारी ४:१८

कुठल्या देशांचे? आणि सध्या कुठं आहात?

---

फक्त_वाचक | गुरुवार, दुपारी ४:२०

भारत आणि ब्रिटन. मुंबईत, माहेरी.

---

खारीक_खोबरं | गुरुवार, दुपारी ४:२१

अरे देवा.